पडद्यासमोर जोडे काढणारा प्रेक्षक भोळा होता का?

चित्रपटाच्या इतिहासात एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १८९६ साली पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंच्या चित्रफितीतील आगगाडी आपल्या अंगावर येते आहे असे वाटून प्रेक्षक खुर्च्या सोडून पळत सुटले. तीच फीत त्याच वर्षी ७ जुलैला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. पॅरिसच्या त्या पळापळीला भक्कम समकालीन पुरावा नाही, हे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. तिथला प्रेक्षक आरोपमुक्त झाला. आपला गिरगावचा प्रेक्षक मात्र अजून आरोपीच्या पिंजऱ्यातच उभा आहे.

आरोप काय, तर १९१७ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘लंकादहन’ गिरगावातल्या वेस्ट एंड सिनेमात लागला, तेव्हा पडद्यावर राम येताच लोकांनी पायांतले जोडे काढले. १९१८ साली ‘श्रीकृष्णजन्म’ मॅजेस्टिकमध्ये आला. कृष्ण प्रकटताच स्त्री-पुरुषांनी पडद्यासमोर लोटांगण घातले. या आठवणी पुस्तकांतून आल्या, सांगोवांगीही आल्या, आणि प्रत्येक वेळी सांगणाऱ्याच्या ओठांवर एक मंद हसू राहिले. बिचारी माणसे, सावलीला देव समजली!

हे हसू मला खटकते. त्याचे कारण समजून घेण्यासाठी आधी ठाकूरद्वार समजून घ्यावे लागेल.

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून पायी फिरता येईल एवढ्या टापूत भारतीय चित्रपटाचे बालपण गेले. अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस, कॉरोनेशन, वेस्ट एंड, मॅजेस्टिक आणि पुढे सेंट्रल, ही सारी गिरगावची थिएटरे. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ कॉरोनेशनमध्येच लोकांसमोर आला. आणि या टापूतल्या ज्या प्रेक्षकाची प्रतिक्रिया इतिहासाला सर्वाधिक उपयोगी पडली, तो प्रेक्षक म्हणजे स्वतः फाळके. १९११च्या सुमारास अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला. डोळ्यांसमोर ख्रिस्त सरकत होता आणि मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनीच ‘नवयुग’ मासिकातील लेखांत सांगितले आहे. घरी जाऊन ते स्वस्थ बसले नाहीत. शेजाऱ्यांकडून उसने पैसे घेऊन ते सरस्वतीबाईंना तोच चित्रपट दाखवायला घेऊन आले. छपाई, छायाचित्रण आणि जादूचे प्रयोग यांत मुरलेला हा माणूस. त्याला पडदा म्हणजे काय, हे ठाऊक होते. तरीही तो भारावला. त्याला कोणी भोळा म्हणत नाही.

आता ‘लंकादहन’कडे परत येऊ. त्यातला राम कोण होता? अण्णा साळुंके. आणि सीता? तेही अण्णा साळुंकेच! हॉटेलात आचाऱ्याचे काम करणाऱ्या या तरुणाने ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती केली होती; इथे त्यांनी राम आणि सीता ही दोन्ही पात्रे रंगवली. संगीत नाटकांत पुरुषांनी केलेल्या नायिका पाहून तयार झालेल्या गिरगावकरांना साडीतला पुरुष ओळखता येत नव्हता, असे मानणे कठीण आहे.

शिवाय गिरगावच्या चाळींत कोकणातून आलेली बिऱ्हाडे पुष्कळ. गावच्या जत्रेत दशावतार पाहिलेली ही माणसे. दशावतारात विष्णू होणारा गडी उद्या सकाळी शेतावर दिसणार, हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत असते. तरी तो मुकुट घालून उभा राहिला की हात जोडले जातात. सोंग आणि देव यांतला फरक कळूनही नमस्कार करता येतो. ही समज या लोकांनी कोकणातून सोबत आणली होती. थिएटरच्या अंधारात त्यांनी तीच वापरली, असे माझे मत आहे. पुढे ‘हंटरवाली’मुळे गाजलेल्या जे. बी. एच. वाडियांनी ‘लंकादहन’ची एक आठवण लिहून ठेवली आहे: पुण्याजवळच्या खेड्यांतून लोक बैलगाड्या जोडून आले होते, रामाच्या दर्शनाला. ‘दर्शन’ हा शब्द इथे नेमका आहे. दर्शनाला मूर्ती दगडाची आहे हे माहीत असण्याने बाधा येत नाही.

फाळक्यांनाही आपली किमया झाकून ठेवण्याची गरज वाटली नाही. ज्या १९१७ साली ‘लंकादहन’ आला, त्याच सुमारास त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट काढला आणि त्यात स्वतःच काम करताना दिसले. जादूगाराने पेटी उघडून दाखवली, तरी लोक कृष्णासमोर वाकलेच.

(१९३१ साली मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, तेव्हाची गर्दी, पोलीस आणि चार आण्यांच्या तिकिटाचे चार-पाच रुपये, हा वेगळ्या थ्रेडचा विषय. तिथे ओढ आवाजाची होती.)

बोलपट आल्यावर ही रीत संपली का? १२ डिसेंबर १९३६ रोजी सेंट्रलमध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’ लागला आणि वर्षभराहून अधिक काळ चालला. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाने पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही दाद मिळवली. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस पूर्वी नाटकांत स्त्रीभूमिका करणारे नट! साळुंक्यांचीच गोष्ट पुन्हा घडली. लोक पागनीसांच्या पाया पडू लागले. पण त्याच चित्रपटात गौरीबाईंची जिजाई मुलाच्या आजारपणात हाती चप्पल घेऊन विठोबाच्या देवळात शिरते. शेवटी तुकोबा विमानात बसून वैकुंठाला जातात आणि ती मागे, संसारात उरते. तुकोबांपुढे हात जोडणाऱ्या प्रेक्षकांनी हिलाही आपली म्हटले. देवाशी भांडणाऱ्या बाईवर जीव लावणारा प्रेक्षक आंधळा भक्त कसा म्हणावा?

आणि फसगत झालीच असेल तर ती निराळ्याच लोकांची. या चित्रपटात बीज आणि वृक्षाच्या दृष्टांताचे एक पद आहे. ते तुकोबांचा अभंग समजून जाणकारांनी गाथेची पाने चाळली. सापडणार कसे? ते लिहिले होते प्रभातचे गीतकार शांताराम आठवले यांनी.