आकाशातून गोखिवरे

वाचकहो, दिवाळीच्या दिवशी आपल्याच मूर्खपणाची गोष्ट सांगू नये म्हणतात. पण ही सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येत नाही. गेल्या उन्हाळ्यात गोखिवऱ्याच्या आमच्या घरी भाचीने मला संगणकावर आकाशातून घेतलेली छायाचित्रे वाचायला शिकवायचे मनावर घेतले. पहिल्याच दिवशी मी तुंगारेश्वराचा अख्खा डोंगर खड्डा म्हणून वाचला!

"मामा, चित्र उलटे फिरवा," ती म्हणाली. फिरवले, तो काय! खड्ड्याचा डोंगर झाला. उजेड वरून यावा ही डोळ्याची सवय. पण हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दक्षिणेला असतो, सावल्या उत्तरेला म्हणजे नकाशाच्या वरच्या अंगाला पडतात आणि डोळा फसतो.

ही विद्या तशी जुनी आहे. १८५८ साली नादार नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसजवळ बलूनमधून छायाचित्र घेतले. पहिल्या महायुद्धात शत्रूचे खंदक हेरण्यासाठी कॅमेरे विमानात चढले. त्या युद्धात विमानातून टेहळणी केलेल्या क्रॉफर्ड या इंग्रजाने पुढे तीच नजर इतिहासाकडे वळवली. गंमत अशी, की या गृहस्थाचा जन्म १८८६ सालचा, आपल्या मुंबईत ब्रीच कँडीला. आणि वडील ठाण्याला न्यायाधीश! वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. १९२३ साली हवाई दलाच्या छायाचित्रांत त्याला स्टोनहेंजकडे जाणाऱ्या प्राचीन मार्गाचा हरवलेला भाग सापडला. बुजलेला चर ओल धरून ठेवतो, म्हणून त्यावरचे पीक दाट आणि गडद येते. पुरलेल्या भिंतीवरचे लवकर पिवळे पडते. शेतात उभ्या असलेल्या माणसाला जे दिसत नाही, ते वरून रेघेसारखे उमटते.

पुढे १९६० पासून अमेरिकेचे कोरोना नावाचे हेर-उपग्रह आले. त्यांची फिल्म पॅराशूटने खाली सोडीत आणि विमाने ती अधांतरीच झेलीत. १९९५ साली ती चित्रे जगाला खुली झाली. २००५ साली गूगल अर्थ आले आणि आमच्यासारख्यांच्या ओटीवर आकाश उतरले.

भाचीने मंत्र दिला: रंगछटा, आकार, पोत, सावली आणि शेजार पाहायचा. खाडीकाठचे सारखे चौकोन म्हणजे मिठागरे, हे मी लगेच ओळखले. मग जुन्या वर्षाच्या चित्रात गावाजवळ एक गडद, वळणावळणाची पट्टी दिसली. मी ऐटीत जाहीर केले, "जुना रस्ता! १७३९ साली चिमाजी आप्पांची फौज कदाचित इथूनच गेली असेल!"

आत्या सुपारी कातरीत बसली होती. चष्मा सावरून म्हणाली, "रस्ता कसला रे? माणूस रस्ता करतो तो सरळ जायला बघतो. असा नागमोडी जातो तो ओहोळ. आम्ही पोरी तिथं धुणं धुवायचो."

नवे चित्र उघडले. पट्टी नाहीशी झाली होती आणि तिच्यावर इमारती उभ्या होत्या. त्यांतल्याच एकीत माझ्या धाकट्या भावाने तळमजल्याच्या ब्लॉकसाठी बयाणा दिला होता!

मी त्याला दोन्ही चित्रे दाखवली. "संगणक बघून कुणी घर घेतं का?" म्हणून तो चिडला. आत्याने मात्र त्याला हाताला धरून ती जागा पायी दाखवली, उतार दाखवला. शेवटी त्याने सौदा मोडला. बयाणा बुडाला तो बुडालाच, आणि महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही.

जुलैत पाऊस कोसळला. त्या तळमजल्यात गुडघाभर पाणी शिरले. रस्त्यावर पाणी साचले होते तेही थेट त्या जुन्या पट्टीच्या वळणाने. कागदावरून ओहोळ पुसला गेला होता. पाणी मात्र आपली वाट विसरले नव्हते.

भाऊबीजेला भाऊ आला, तो आत्यासाठी लुगडे घेऊन. मला काही आणले नव्हते. जेवण झाल्यावर मात्र संगणकासमोर बसला आणि हळूच म्हणाला, "दादा, दुसरी एक जागा बघतोय. जरा उघड ते चित्र. आणि आत्यालाही बोलाव."

मी आधी आत्याला हाक मारली.