शिकागो मरून्स (अमेरिकन फुटबॉल)

शिकागो मरून्स हा अमेरिकेतील इलिनॉय राज्यात असलेल्या शिकागो विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ आहे. १८९२ मध्ये स्थापन झालेला हा संघ विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात देशातील सर्वांत बलाढ्य महाविद्यालयीन संघांपैकी एक होता. बिग टेन कॉन्फरन्सचे विजेतेपद त्याने सात वेळा पटकावले. १९३९ मध्ये विद्यापीठाने स्वतःहून हा संघ बंद केला आणि तीस वर्षांनंतर, १९६९ मध्ये, त्याचे पुनरुज्जीवन केले. विद्यापीठात स्पर्धात्मक खेळाचे स्थान कोणते असावे, या अमेरिकेतील जुन्या वादात या संघाचे उदाहरण वारंवार दिले जाते.

स्थापना

शिकागो विद्यापीठात अध्यापनाचा प्रारंभ १८९२ मध्ये झाला. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी येल विद्यापीठातील आपले माजी विद्यार्थी अमोस अलोन्झो स्टॅग यांना शारीरिक शिक्षण विभागाची सूत्रे दिली. खेळाच्या प्रशिक्षकाला प्राध्यापकाचा दर्जा आणि कायम नेमणूक देणे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. नव्या विद्यापीठाचे नाव देशभर पोहोचविण्याचे फुटबॉल हे प्रभावी साधन आहे, अशी हार्पर यांची धारणा होती. १८९४ च्या नाताळात संघाने थेट कॅलिफोर्नियापर्यंत प्रवास करून स्टॅनफर्ड विद्यापीठाविरुद्ध सामना खेळला. त्याच वर्षी विद्यापीठाने गडद किरमिजी (मरून) रंग स्वीकारला. संघाचे नाव या रंगावरूनच पडले.

१८९६ मध्ये मध्य-पश्चिमेकडील सात विद्यापीठांनी मिळून वेस्टर्न कॉन्फरन्सची स्थापना केली. हीच संघटना पुढे बिग टेन या नावाने प्रसिद्ध झाली. शिकागो विद्यापीठ तिच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होते.

स्टॅग यांचा कालखंड (१८९२–१९३२)

स्टॅग सलग ४१ हंगाम मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने १८९९, १९०५, १९०७, १९०८, १९१३, १९२२ आणि १९२४ या वर्षी कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळविले. व्यापारी मार्शल फील्ड यांनी दिलेल्या जमिनीवर उभारलेले मैदान आरंभी त्यांच्याच नावाने ओळखले जात असे. पुढे त्याला स्टॅग फील्ड हे नाव देण्यात आले.

या काळातील सर्वांत गाजलेला सामना ३० नोव्हेंबर १९०५ रोजी मिशिगन विद्यापीठाविरुद्ध झाला. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांचा मिशिगन संघ १९०१ पासून सलग ५६ सामने अपराजित होता. पंचवीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर झालेल्या या लढतीत एकही टचडाउन झाले नाही. चेंडू घेऊन धावणारा मिशिगनचा खेळाडू स्वतःच्याच गोलरेषेमागे पाडला गेला. या प्रकाराला ‘सेफ्टी’ म्हणतात आणि त्याचे दोन गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतात. शिकागोने हा सामना २–० असा जिंकला व हंगाम अपराजित राहून पूर्ण केला.

याच हंगामात खेळाची दुसरी बाजूही उघड झाली. ‘कोलियर्स’ या साप्ताहिकाने १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत विद्यापीठे खेळाडूंना कशी झुकते माप देतात, यावर प्रकाश टाकला. संघाचा नामवंत क्वार्टरबॅक वॉल्टर एकरसॉल याच्या प्रवेशाविषयीही तीत प्रश्न उपस्थित करण्यात आले. एकरसॉलने पुढे पदवी घेतली नाही. मैदानावरील हिंसक खेळ आणि असे आक्षेप यांमुळे १९०६ मध्ये कॉन्फरन्सने हंगामातील सामन्यांची संख्या पाचवर आणली आणि खेळाडूंच्या पात्रतेचे नियम कडक केले.

१९२४ मध्ये शिकागोने रेड ग्रेंज याचा समावेश असलेल्या इलिनॉय संघाला २१–२१ असे बरोबरीत रोखले. त्या वर्षीचे विजेतेपद संघाचे बिग टेनमधील अखेरचे ठरले.

ऱ्हास आणि जे बरवँगर

१९२९ मध्ये रॉबर्ट मेनार्ड हचिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. विद्यापीठाचे कार्य अध्ययन व संशोधन हेच असून व्यावसायिक स्वरूपाच्या फुटबॉलला त्यात स्थान नाही, असे त्यांचे मत होते. स्टॅग यांनी वयाची सत्तरी पूर्ण केल्यावर त्यांना निवृत्त करण्यात आले. प्रशिक्षण सोडण्याची इच्छा नसलेले स्टॅग कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये रुजू झाले. १९३८ मध्ये त्यांच्या या नव्या संघाने स्टॅग फील्डवरच शिकागोचा ३२–० असा पराभव केला.

स्टॅग यांच्या जागी क्लार्क शॉनेसी आले. त्यांच्या काळात हाफबॅक जे बरवँगर याने १९३५ मध्ये डाउनटाउन अ‍ॅथलेटिक क्लबचा पहिला करंडक मिळविला. दुसऱ्या वर्षापासून हाच करंडक हाइसमन करंडक म्हणून ओळखला जाऊ लागला. त्या हंगामात शिकागोने चार सामने जिंकले आणि चार गमावले होते. १९३६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगच्या पहिल्याच खेळाडू-निवडीत बरवँगरची सर्वप्रथम निवड झाली. तथापि तो व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही.

१९३९ चा हंगाम आणि संघाची समाप्ती

१९३९ च्या हंगामात संघाने आठपैकी दोन सामने जिंकले आणि सहा गमावले. हार्वर्ड व ओहायो स्टेट यांच्याविरुद्ध प्रत्येकी ६१–०, तर मिशिगनविरुद्ध ८५–० असे पराभव झाले. मिशिगनचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर हे शिकागोचेच माजी खेळाडू आणि स्टॅग यांचे शिष्य होते. संपूर्ण हंगामात संघाने ३७ गुण मिळविले, तर प्रतिस्पर्ध्यांनी ३०८.

विद्यापीठापुढे दोन मार्ग होते : इतरांप्रमाणे खेळाडूंसाठी शैक्षणिक निकष शिथिल करणे, किंवा या स्पर्धेतून बाहेर पडणे. डिसेंबर १९३९ मध्ये विश्वस्त मंडळाने दुसरा मार्ग स्वीकारला. १९४६ मध्ये विद्यापीठ बिग टेनमधूनही बाहेर पडले. शॉनेसी १९४० मध्ये स्टॅनफर्डला गेले आणि पहिल्याच हंगामात त्यांचा संघ अपराजित राहिला.

स्टॅग फील्ड आणि अणुभट्टी

संघ बंद झाल्यावर ओस पडलेल्या स्टॅग फील्डला वेगळ्याच कारणाने इतिहासात स्थान मिळाले. २ डिसेंबर १९४२ रोजी मैदानाच्या पश्चिमेकडील प्रेक्षागृहाखाली, रॅकेटच्या खेळासाठी बांधलेल्या बंदिस्त जागेत, एन्रिको फर्मी यांच्या नेतृत्वाखाली जगातील पहिली नियंत्रित, स्वयंपोषी आण्विक शृंखला अभिक्रिया घडविण्यात आली. हे प्रेक्षागृह १९५७ मध्ये पाडण्यात आले. आता मैदानाच्या जागी रेगेन्स्टाइन ग्रंथालय असून, प्रयोगाच्या स्थानी हेन्री मूर यांचे ‘न्यूक्लियर एनर्जी’ हे शिल्प आहे.

पुनरुज्जीवन

१९५० च्या दशकात वॉल्टर हास यांच्या पुढाकाराने विद्यापीठात फुटबॉलचे प्रशिक्षण पुन्हा सुरू झाले. मोठ्या स्पर्धांचे वातावरण परत येईल, या शंकेने अनेकांनी त्यास विरोध केला. १९६३ मध्ये विद्यार्थ्यांनी मैदानात बसकण मारून सामना अडविला. अखेर १९६९ मध्ये फुटबॉलला अधिकृत विद्यापीठ संघाचा दर्जा पुन्हा मिळाला. संघ आता राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या (एन.सी.ए.ए.) तिसऱ्या विभागात खेळतो. या विभागात खेळाच्या आधारे शिष्यवृत्ती दिली जात नाही. २०१७ पासून संघ मिडवेस्ट कॉन्फरन्समध्ये सहभागी होतो. नव्या जागेवरील त्याच्या मैदानासही स्टॅग फील्ड हेच नाव आहे.

वारसा

विद्यापीठ परिसरातील मिडवे प्लेझन्स या उद्यानपट्ट्यावरून संघाला ‘मॉन्स्टर्स ऑफ द मिडवे’ असे म्हटले जाई. संघ बंद झाल्यानंतर हे बिरुद शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाकडे गेले. बिग टेनमधील विद्यापीठांशी शिकागोचे शैक्षणिक सहकार्य मात्र मैदानावरील नाते संपल्यानंतरही अनेक दशके चालू राहिले.