इंडिकेटर आणि ब्रेक लाइटला एलईडी बल्ब लावताय? आधी एवढं बघून घ्या

नाशिक, इगतपुरी, शहापूरकडचा भाजीपाला भिवंडी-ठाण्यावरून आणि जुन्नर, ओतूरचा माळशेज घाट उतरून मुरबाड-कल्याणवरून मुंबईत जातो. या गाड्यांतल्या बऱ्याच मुलुंडच्या आनंदनगर नाक्यावरून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागतात. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या मोटर वाहनांचा टोल बंद झाला. तरी या पट्ट्यात वाहतूक भरधाव येते आणि अचानक थांबते. पिकअप माल भरून उभी, मागून डंपर किंवा बस. अशा वेळी मागच्या ड्रायव्हरला पुढची गाडी थांबली हे कळण्याचं एकच साधन असतं, ते म्हणजे ब्रेक लाइट.

गावाकडच्या खड्ड्यांनी साध्या बल्बची तार लवकर तुटते. म्हणून एलईडी बल्ब घेऊन घरीच बदलणारे वाढलेत. बदल चांगला आहे, पण चुकीचा बल्ब लावला तर दिवा असूनही नसल्यासारखा होतो.

फायदा नेमका कशाचा?

साध्या बल्बमधली तार तापून पूर्ण उजेड द्यायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा घेते. एलईडी लगेच पेटतो. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्या वेळात ३ मीटरहून जास्त पुढे येते, ८० च्या वेगात साडेचार मीटरच्या आसपास. मागच्याला तेवढं अंतर जादा मिळतं.

दुसरा फायदा करंटचा. ब्रेकचा साधा बल्ब २१ वॅटचा असतो, दोन मिळून ४२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. एलईडीला त्याचा छोटा हिस्सा पुरतो. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली की बल्ब दुप्पट होतात, तिथे हा फरक जास्त जाणवतो. हादऱ्यांनी तुटायला एलईडीत तार नसते. मात्र पाणी आणि उष्णतेने त्याच्या आतलं सर्किट जातं, म्हणून दिव्याचं रबर आणि काच धड असायला हवी.

बल्ब ओळखायचा कसा?

जुना बल्ब काढून सोबत न्यावा. बहुतेक गाड्यांत पुढचे प्रकार सापडतात.

पी२१डब्ल्यू: दुकानात सिंगल कॉन्टॅक्ट किंवा ११५६ म्हणतात. बुडाला एक ठिपका, बाजूच्या दोन पिना समोरासमोर. इंडिकेटर, रिव्हर्स किंवा फक्त ब्रेकसाठी.

पी२१/५डब्ल्यू: डबल कॉन्टॅक्ट किंवा ११५७. बुडाला दोन ठिपके, पिना खाली-वर. एकाच बल्बमध्ये ५ वॅटचा टेल लाइट आणि २१ वॅटचा ब्रेक. मोटरसायकललाही मागे बहुधा हाच.

पीवाय२१डब्ल्यू: नारंगी बल्ब. दिसायला सिंगल कॉन्टॅक्टसारखा, पण पिना अगदी समोरासमोर नसतात. इंडिकेटरची काच पांढरी असेल तिथे हा येतो.

डब्ल्यू५डब्ल्यू: काचेच्या बुडाचा, दाबून बसवायचा छोटा बल्ब, टी-१० नावाने मिळतो. पार्किंग आणि नंबर प्लेटसाठी.

पिना जुळत नसताना दाबून बसवू नये. डबल कॉन्टॅक्ट उलटा बसला तर टेल लाइट ब्रेकसारखा प्रखर राहतो आणि ब्रेक दाबल्यावर मंद पेटतो. ट्रकला २४ व्होल्ट असतात, तिथे १२ व्होल्टचा बल्ब लगेच उडतो. टी-१० चा एलईडी पेटला नाही तर तो फिरवून लावून बघावा. एलईडीला प्लस-मायनस असतं.

लाल काचेमागे लाल, नारंगीमागे नारंगी

सर्वात जास्त चूक इथे होते. पांढरा एलईडी दिसायला झगझगीत असतो म्हणून तोच लाल काचेमागे लावतात. साध्या बल्बच्या उजेडात लाल भाग भरपूर असतो. पांढऱ्या एलईडीत निळा जास्त आणि लाल कमी. लाल काच निळा अडवते, त्यामुळे बाहेर येणारा उजेड कमी होतो आणि गुलाबी दिसतो. ब्रेकला लालच एलईडी घ्यावा, इंडिकेटरला नारंगी. नंबर प्लेटच्या दिव्याची खिडकी त्याच बल्बवर असेल, तर लाल एलईडीने नंबर प्लेट लाल दिसेल. अशा दिव्यात साधा बल्बच ठेवलेला बरा.

एलईडीचे दाणे सगळीकडे तोंड करून असावेत, फक्त टोकाला नव्हे. दिव्याच्या आतला चकचकीत आरसा उजेड पसरवतो. बाजूला उजेड पडलाच नाही तर आरसा कामाचा राहत नाही, आणि शेजारच्या लेनमधल्या ड्रायव्हरला दिवा दिसत नाही.

डबल कॉन्टॅक्टमध्ये टेल आणि ब्रेक यांत ठळक फरक दिसला पाहिजे. स्वस्त बल्बमध्ये दोन्ही सारखेच पेटतात. मग रात्री ब्रेक दाबला की नाही, हे मागच्याला समजणारच नाही.

इंडिकेटर भरभर का लुकलुकतो?

जुन्या फ्लॅशरमध्ये करंटने तापणारी पट्टी असते. ती तापून वाकते, सर्किट तुटतं, थंड झाली की पुन्हा जोडतं. एलईडी एवढा कमी करंट घेतो की पट्टी तापतच नाही. मग इंडिकेटर पेटून तसाच राहतो किंवा चालतच नाही. नंतरच्या फ्लॅशरमध्ये बल्ब उडाला की वेग वाढवून ड्रायव्हरला कळवायची सोय असते. तो एलईडीचा कमी करंट पाहून बल्ब उडाला असं समजतो आणि टकटक वाढते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला आणि बरा म्हणजे एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणे. दोन पिनी की तीन पिनी, हे जुन्या फ्लॅशरवरून बघावं.

दुसरा, बल्बला समांतर ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर लावणे. फ्लॅशर वेगळा नसलेल्या नव्या गाड्यांत बहुधा हाच मार्ग उरतो. इंजिन चालू असताना १४ व्होल्टवर त्यातून सव्वादोन अँपिअरहून जास्त करंट जातो आणि पेटलेला असताना तो ३० वॅटहून जास्त उष्णता देतो. तो पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवावा. वायरला, प्लास्टिकला किंवा दिव्याच्या मागे चिकटवू नये, वितळतं. ब्रेक लाइटला रेझिस्टर लावणं टाळावं. इंडिकेटर अर्धा वेळ बंद असतो, पण नाक्यावर पाय ब्रेकवर ठेवून दहा मिनिटं थांबलं तर रेझिस्टर सलग तापत राहतो.

मोटरसायकलचं दुखणं वेगळं. मीटरवर दोन्ही बाजूंसाठी एकच इंडिकेटर दिवा असेल तर एलईडी लावल्यावर चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात, कारण मीटरच्या दिव्यातून करंट पलीकडच्या बाजूला जातो. डावी-उजवीच्या वायरींवर एकेक डायोड घालून आणि दिव्याचं दुसरं टोक अर्थला देऊन हे बंद होतं. काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं.

बल्बच्या आधी अर्थ तपासा

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटरबरोबर टेल लाइटही लुकलुकतो? तो दोष बहुधा अर्थचा असतो. होल्डरमधला गंज सँडपेपरने साफ करावा, अर्थची वायर उघड्या पत्र्याला नीट कसावी. ट्रॉलीचा अर्थ हुकच्या लोखंडावर सोडू नये, सॉकेटमधून वेगळी वायर द्यावी. हे न करता एलईडी लावला तर तोही लुकलुकणारच. काम करताना बॅटरीचं मायनस टोक आधी सोडावं.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०२ नुसार इंडिकेटर नारंगी असावा आणि मिनिटाला ६० पेक्षा कमी नाही, १२० पेक्षा जास्त नाही एवढ्या वेगाने लुकलुकावा. कंपनीने गाडीचा दिवा मूळ प्रकारच्या बल्बसह मंजूर करून घेतलेला असतो, त्यामुळे बाहेरून आणलेला एलईडी त्या मंजुरीत बसत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारावं, मूळ वायर कापू नये. जुने बल्ब आणि फ्लॅशर फेकून देऊ नयेत. निळे दिवे किंवा ब्रेकला लुकलुकणारे बल्ब लावू नयेत, मागच्याचा गोंधळ होतो.

शेवटची तपासणी

अंधार पडल्यावर गाडी उभी करून एकाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने ५० पावलं मागे जाऊन बघावं. टेल चालू ठेवून ब्रेक दाबल्यावर फरक कळतो का? बाजूला सरकल्यावरही दिसतो का? मग हीच पाहणी भर दुपारी उन्हात करावी. इंडिकेटर अर्धा मिनिट मोजावा, ३० ते ६० वेळा लुकलुकला पाहिजे. ब्रेक आणि इंडिकेटर एकदम चालू करून बघावेत, मग हजार्ड.

यात कुठेही एलईडी साध्या बल्बपेक्षा मंद वाटला तर साधा बल्ब परत लावावा. दोन साधे बल्ब गाडीत जादा ठेवणं हे तर प्रत्येकाने करावंच. रात्री माल घेऊन निघण्याआधी मागे एक चक्कर मारून दिवे बघायला दोन मिनिटं लागतात.