खाणमालक आणि कुळे : दयानंद बांदोडकरांचा गोवा

गोव्याचे पहिले लोकनियुक्त मुख्यमंत्री हे खाणमालक होते, आणि त्यांना सत्तेवर बसवणाऱ्या मतदारांत दुसऱ्याची शेती कसणाऱ्यांचा व दुसऱ्याच्या जागेत झोपडे घालून राहणाऱ्यांचा भरणा मोठा होता. दयानंद बाळकृष्ण तथा भाऊसाहेब बांदोडकर (१९११–१९७३) यांच्या कारकिर्दीचा विचार या विसंगतीपासूनच सुरू करावा लागतो. धनिक माणूस राजकारणात उतरला की पैशाने मते मिळवतो, हे स्पष्टीकरण सोपे असले तरी येथे अपुरे पडते. कारण १९६० च्या दशकातील गोव्यात संपन्न खाणमालक अनेक होते, परंतु खेड्यापाड्यांतील माणसाने ‘भाऊ’ म्हणून आपला मानला तो एकटाच. असे का घडले हे समजून घेण्यासाठी तो पैसा कोणत्या जमिनीतून आला आणि ती मते कोणत्या जमिनीवर उभी होती, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात खाणींचा कारभार १९०६ च्या खाणविषयक फर्मानानुसार चाले. डोंगरात खनिज सापडल्याची नोंद सरकारदरबारी करायची, मग मोजणी होऊन त्या क्षेत्रातील खनिज काढण्याचा हक्क, म्हणजे ‘कन्सेसांव’, पदरात पाडून घ्यायचा, अशी ती पद्धत होती. या हक्काचे दोन विशेष पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. पहिला असा की, ठरलेले शुल्क भरले जात असेपर्यंत त्याला मुदत नव्हती. दुसरा असा की, वरच्या जमिनीचा मालक आणि पोटातील खनिजाचा धनी या दोन वेगवेगळ्या व्यक्ती असू शकत. हे हक्क बराच काळ कागदावरच राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान आणि पश्चिम जर्मनी येथील पोलाद कारखान्यांना लोहखनिजाची निकड भासू लागली, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांतील तांबड्या डोंगरांना एकाएकी मोल आले.

आरंभी हा धंदा हातांनी आणि डोक्यावरून चालला. पुरुषांनी फोडलेले खनिज स्त्रिया टोपल्यांत भरून डोक्यावरून वाहत. तेथून ते ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर येई, धक्क्यावरून बार्जमध्ये, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू नौकेत पडे, आणि मांडवी किंवा जुवारी नदीतून मुरगाव बंदरात उभ्या असलेल्या जहाजापर्यंत जाई. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी समुद्र खवळला की बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत. पुढे परदेशी खरेदीदारांनी यंत्रांसाठी आगाऊ रक्कम द्यावी आणि ती खनिजाच्या रूपाने फेडून घ्यावी, असे करार होऊ लागले आणि व्यवसायाचा आकार झपाट्याने वाढला. १९५४ नंतर भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा या निर्यातीचे महत्त्व पोर्तुगीज सरकारच्या दृष्टीनेही वाढले. परिणामी, ज्या समाजात प्रतिष्ठा जमिनीने, जातीने किंवा पोर्तुगीज शिक्षणाने मिळत असे, तेथे या तिन्हींवाचून वर येण्याची एक वाट अवघ्या दहा-बारा वर्षांत खुली झाली.

बांदोडकर याच वाटेने वर आले. त्यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे, गोमंतक मराठा समाजात झाला. हा समाज पिढ्यान्‌पिढ्या देवळांच्या सेवेशी बांधलेला होता. गायन, वादन आणि नृत्य या कलांचे संचित त्याच्याकडे होते, पण त्या सेवेबरोबर आलेली सामाजिक अवहेलनाही त्याच्या वाट्याला होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या समाजाने देवळातील रूढ सेवा सोडून शिक्षण आणि व्यवसाय यांकडे वळण्याची मोठी चळवळ केली, आणि ‘गोमंतक मराठा’ हे नावही त्याच मंथनातून रूढ झाले. बांदोडकरांनी छोट्यामोठ्या व्यापारातून खाण व्यवसायात पाऊल टाकले आणि १९५० च्या दशकात त्यांची गणना धनिकांत होऊ लागली. शाळा, देवळे आणि अडलेनडलेले लोक यांना सढळ हाताने मदत करणारा गृहस्थ अशी त्यांची ख्याती राजकारणापूर्वीच झाली होती. या दानाकडे केवळ औदार्य म्हणून पाहिले तर त्याचा अर्थ निम्माच कळतो. जेथे निवडणुका नव्हत्या, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता आणि सभा-संघटनांना वाव नव्हता, तेथे लोकांशी सार्वजनिक नाते जोडण्याचे साधन म्हणून दान हेच उरत होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि हे चित्र पालटले. दोन वर्षांतच प्रौढ मताधिकारावर आधारलेली निवडणूक जाहीर झाली; गोव्याच्या २८ आणि दमण व दीव यांच्या प्रत्येकी एक अशा तीस जागांची विधानसभा निवडायची होती. काँग्रेसला आपला विजय गृहीत वाटत होता, परंतु तिचे स्थानिक नेतृत्व बव्हंशी उच्चवर्णीय आणि सुस्थित वर्गातील होते. त्याच सुमारास दोन प्रादेशिक पक्ष उभे राहिले. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोअन्स पक्ष गोव्याचे वेगळे अस्तित्व टिकवू पाहत होता, तर बांदोडकरांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या ‘मगो’ने, दोन घोषणा पुढे केल्या : महाराष्ट्रात विलीनीकरण आणि कसेल त्याची जमीन.

या दोन घोषणांची सांगड वरवर पाहता आकस्मिक वाटते. प्रत्यक्षात मगोच्या मतदाराच्या दृष्टीने त्या एकाच मागणीच्या दोन बाजू होत्या. गोव्यातील गावात जमीनदाराला ‘भाटकार’ म्हणत. त्याची शेती खंडाने कसणारे ते कूळ, आणि त्याच्या भाटात, म्हणजे माडाच्या वा काजूच्या बागायतीत, घर बांधून राहणारा तो ‘मुंडकार’. मुंडकाराला घराखालच्या जागेवर हक्क नसे, आणि भाटकाराची मर्जी फिरली तर घर मोडण्याची टांगती तलवार डोक्यावर असे. महाराष्ट्रात कूळकायदा लागू झाला होता आणि बहुजन समाजातील माणसे सत्तेत होती, हे या वर्गाला सीमेपलीकडे दिसत होते. म्हणून ‘महाराष्ट्र’ हा शब्द त्याच्या कानी भाषेइतकाच जमिनीचाही शब्द म्हणून पडत होता. ९ डिसेंबर १९६३ च्या मतदानात काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही, युनायटेड गोअन्सला १२ जागा मिळाल्या, आणि मगोने सहकाऱ्यांसह बहुमत मिळवले. बांदोडकर स्वतः त्या निवडणुकीत उमेदवार नव्हते. तरीही २० डिसेंबर १९६३ रोजी त्यांनीच मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि नंतर पोटनिवडणुकीतून ते सभागृहात आले.

त्यांच्या सरकारच्या कामात दोन गोष्टींचा ठसा खोलवर उमटला. पहिली म्हणजे १९६४ चा कूळकायदा. या कायद्याने कुळाला जमिनीवरून सहजी हुसकावता येणार नाही अशी तरतूद केली आणि खंडाला मर्यादा घालून तो उत्पन्नाच्या एक षष्ठांशावर आणला. भाताच्या सहा खंडी पिकल्या तर भाटकाराला एकच द्यायची, हा हिशेब निरक्षर कुळालाही खळ्यावर उभ्या उभ्या करता येत होता. जमिनीची मालकी मात्र या कायद्याने कुळाकडे गेली नाही. मुंडकारांच्या घरांचा कायदा आणि कुळांना मालकी देणारी दुरुस्ती ही बांदोडकरांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीत, अनुक्रमे १९७५ आणि १९७६ मध्ये, झाली. दुसरी गोष्ट म्हणजे प्राथमिक शिक्षण. पोर्तुगीज काळात सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेत असे आणि मराठी शाळा गावकऱ्यांच्या वर्गणीवर देवळाच्या मंडपात किंवा एखाद्याच्या ओसरीवर चालत. मुक्तीनंतर, आणि विशेषतः मगोच्या काळात, सरकारी मराठी शाळा वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचल्या. १९६१ मध्ये सुमारे ३१ टक्के असलेली साक्षरता १९७१ पर्यंत सुमारे ४५ टक्क्यांवर गेली, त्यात या शाळांचा वाटा मोठा होता.

या शाळांसाठी आणि प्रशासनासाठी लागणारी माणसे मात्र गोव्यात पुरेशी नव्हती, म्हणून महाराष्ट्रातून शिक्षक आणि अधिकारी प्रतिनियुक्तीवर, म्हणजे आपल्या मूळ खात्यातून उसनवार, आणले गेले. विलीनीकरणाची ही पूर्वतयारीच आहे, असा संशय त्यामुळे बळावला, आणि नोकऱ्यांच्या आशेवर असलेला सुशिक्षित गोमंतकीय तरुण, हिंदू असो वा ख्रिस्ती, सरकारपासून दुरावला. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वादही याच सुमारास तीव्र झाला.

अखेर केंद्र सरकारने हा प्रश्न थेट जनतेसमोर ठेवण्याचे ठरवले. कौल निष्पक्षपणे घेता यावा म्हणून बांदोडकरांच्या सरकारने डिसेंबर १९६६ मध्ये सत्ता सोडली आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली. १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या या जनमत कौलात विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि संघप्रदेश म्हणून वेगळे राहण्यासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. प्रचारातील एक विशेष असा की, विलीनीकरणाच्या बाजूने ‘गोमन्तक’ दैनिक उभे होते, तर त्याच्या विरोधात लढणारे ‘राष्ट्रमत’ हेही मराठीच दैनिक होते. गोव्याने मराठी राज्यात जाऊ नये हे मराठी वाचकाला मराठीतूनच पटवले जात होते. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली आणि वेगळे राहण्याला १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांच्या फरकाने बांदोडकरांच्या राजकारणाचे मुख्य उद्दिष्टच नाकारले गेले.

पुढाऱ्याची कारकीर्द अशा पराभवाने संपावी, अशी अपेक्षा असते. येथे मात्र अवघ्या दोन महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत मगो पुन्हा १६ जागा घेऊन सत्तेवर आला. मतदाराने विलीनीकरण आणि बांदोडकर यांची फारकत केली होती. महाराष्ट्र हे साधन हाती लागले नाही तरी जमीन आणि शाळा हे साध्य याच माणसाकडून मिळेल, असा त्याचा होरा होता. १९७० मध्ये पक्षातील काही आमदारांनी बंड केले, तरी सरकार टिकले, आणि १९७२ मध्ये मगोच्या जागा १८ वर गेल्या. पक्षावरील बांदोडकरांची पकड मालकाची आहे, ही तक्रार बंडखोरांपुरती नव्हती. खाणीवर एकाच्या शब्दाने काम चालते, तशीच सवय मंत्रिमंडळाच्या कामकाजातही उतरली होती. आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाल्यावर मुख्यमंत्रिपद कन्येकडे गेले, तेव्हा पक्ष आणि घराणे यांतील सीमा किती पुसट होती हे स्पष्ट झाले.

तरीही या कारकिर्दीची खरी मर्यादा घराणेशाहीत शोधण्यापेक्षा जमिनीच्या दोन थरांत शोधणे अधिक उचित ठरते. बांदोडकरांच्या कायद्याने भाटकार आणि कूळ यांच्यातील वरच्या जमिनीचा व्यवहार बदलला. पोटातील खनिजाचा व्यवहार पोर्तुगीज फर्मानाने घालून दिला होता तसाच राहिला. खनिजविषयक धोरण केंद्राच्या अखत्यारीत होते, हे येथे लक्षात घ्यावेच लागेल. परंतु ज्या राजकारणाने भाटकाराच्या वंशपरंपरागत हक्काला प्रश्न विचारला, त्याने खाणमालकाच्या बेमुदत हक्काला तोच प्रश्न विचारला नाही, हेही तितकेच खरे. ते कन्सेसांव रद्द करून त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा संसदेने १९८७ मध्ये केला. त्याच वर्षी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, आणि ज्या विलीनीकरणासाठी मगो जन्मला होता त्याची उरलीसुरली शक्यताही मिटली.

पणजीहून मांडवीच्या काठाने मिरामारकडे जाणाऱ्या रस्त्याला दयानंद बांदोडकरांचे नाव आहे, आणि त्या रस्त्याच्या शेवटी किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे. समोरच्या पाण्यातून कित्येक दशके खनिजाने भरलेले बार्ज मुरगावकडे जात राहिले. त्यांच्या मागे, नदीच्या वरच्या अंगाला खाणपट्ट्यात, दर पावसाळ्यात डोंगरावरच्या मातीचे ढिगारे ओढ्यांतून वाहून भातशेतीत येत, आणि खंडाच्या ओझ्यातून सुटलेल्या कुळाला आपल्या कुणग्यातील तांबडा गाळ उपसत बसावे लागे. एक षष्ठांशाचा हिशेब त्याच्या बाजूने लागला होता. या गाळाचा हिशेब कोणाशी मांडायचा, हे मात्र त्या कायद्यात कुठेच लिहिलेले नव्हते.