टुंड्रावरील शरदाचे रंग

अलास्काच्या उत्तर भागात, आर्क्टिक वृत्तापलीकडील ब्रूक्स पर्वतरांगेत शरद ऋतू ऑगस्टच्या उत्तरार्धातच अवतरतो आणि जेमतेम काही आठवड्यांत बर्फाखाली दडून जातो. येथे रंग पाहण्यासाठी मान वर करावी लागत नाही. ते पायाखालीच असतात. जमिनीलगत पसरणारी बेअरबेरी किरमिजी होते, खुरटा बर्च तांबूस-नारिंगी दिसू लागतो, तर ओढ्याकाठचे विलो पिवळे पडतात.

दिवस लहान होऊन थंडी वाढली, की पानांतील हरितद्रव्याचे विघटन सुरू होते. पिवळे रंगद्रव्य पानात आधीपासूनच असते, ते उघडे पडते. लाल रंगाचे अँथोसायनिन मात्र नव्याने तयार होते. गळू घातलेल्या पानावर हा खर्च कशासाठी, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. ते प्रखर प्रकाशापासून पानाचे रक्षण करते आणि तेवढ्या अवधीत नायट्रोजन व फॉस्फरस खोडा-मुळांत परत नेले जातात, असे एक मत आहे. सदैव गोठलेल्या थरावरच्या निकस मातीत ही काटकसर अटळच!

हा रंगपट आता बदलत आहे. उत्तर अलास्काची १९५० च्या सुमाराची हवाई छायाचित्रे सुमारे ५० वर्षांनंतरच्या छायाचित्रांशी ताडून पाहिली असता झुडपे वाढल्याचे आढळले. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तापमानवाढीबरोबर फोफावणाऱ्या झुडपांमुळे शरदाच्या रंगांत भर पडेलही. परंतु त्यांच्या सावलीत शैवाके, म्हणजे आपल्या मसाल्यातील दगडफुलाची भावंडे, मागे हटतात. कॅरिबूंच्या कळपांचा हिवाळा प्रामुख्याने याच शैवाकांवर निभावतो.