हाडावरचं प्लास्टर

हात मोडून प्लास्टर घालून घेतलेल्या माणसाला ती ऊब आठवत असते. ओल्या पट्ट्या गुंडाळताना गार लागतं आणि पाच-दहा मिनिटांत तेच प्लास्टर आतून चांगलं कोमट होतं. जिप्समचा दगड साधारण 150 अंशांवर भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि पिठासारखी पांढरी भुकटी उरते. तिला पुन्हा पाणी दाखवलं की ती ते शोषून घेते, पुन्हा दगड होते आणि भाजताना घेतलेली उष्णता परत देते.

डायनासोरच्या हाडालाही हीच ऊब मिळते. संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत मोठं हाड सहसा उघडंवाघडं येत नाही. येतं ते एक पांढरं, ओबडधोबड गाठोडं. बाहेर गोणपाटाचे धागे वाळून ताठ झालेले, पाठीला लाकडी वासे बांधलेले, वर ठसठशीत अक्षरांत आकडा आणि वरची बाजू कुठली ते सांगणारा एक बाण. आत हाड, आणि हाडाबरोबर उचलून आणलेला त्याच्या भोवतीचा खडक. एका मोठ्या सांगाड्यासाठी अशी कितीतरी गाठोडी येतात आणि जमिनीवर ओळीने मांडली जातात. जीवाश्म साफ करण्याच्या कामाचं कौतुक करताना लोक छिन्नीबद्दल आणि ब्रशबद्दल बोलतात. मला अप्रूप आहे ते या गाठोड्याचं, कारण त्याची कुळी शोधत गेलं की आपण थेट लष्करी दवाखान्यात पोचतो.

मोडलेलं हाड हलू द्यायचं नाही, हा वैद्यांचा फार जुना प्रश्न. 1830च्या दशकात लुई स्यूटँ या बेल्जियन लष्करी शल्यवैद्याने त्यासाठी खळ वापरली. खळ म्हणजे तीच, जी आपण सुती साडीला देतो आणि पतंगाला कागद चिकटवायला शिजवतो. खळीत भिजवलेल्या पट्ट्या गुंडाळल्या की वाळून कडक होत, पण वाळायला दोन-तीन दिवस लागत. रणांगणावर इतका वेळ कुणाकडे? मग 1851 साली हारलेमच्या लष्करी रुग्णालयात अँटोनियस मथायसेन या डच डॉक्टरने सुती कापडात प्लास्टरची कोरडी भुकटी चोळून ठेवली. पट्टी भिजवायची, गुंडाळायची, आणि काही मिनिटांत काम झालं. क्रिमियाच्या युद्धात शल्यवैद्य निकोलाय पिरोगोवने रशियन जखमींवर प्लास्टर मोठ्या प्रमाणावर वापरलं आणि ते सगळीकडे पसरलं.

आता 1876 सालचं अमेरिकेतलं मोंटाना. एडवर्ड कोप हा जीवाश्मशास्त्रज्ञ मिसुरी नदीच्या खोऱ्यात डायनासोरची हाडं शोधत होता. सोबत चार्ल्स स्टर्नबर्ग हा तरुण मदतनीस. हाडं सापडत होती, पण हात लावला की भुगा होत होता. आधी गाडीने, मग बोटीने, मग रेल्वेने ती पूर्वेकडे न्यायची होती. शिध्यात तांदूळ होता. त्यांनी तो गचगचीत होईपर्यंत शिजवला, त्या घट्ट पेजेत कापडाच्या आणि पोत्यांच्या पट्ट्या बुडवल्या आणि हाडांवर लपेटल्या. वाळल्यावर कवच तयार झालं. स्टर्नबर्गने पुढे आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलं आहे.

म्हणजे वैद्यांनी आधी खळ आणि मग प्लास्टर असा जो प्रवास केला, तोच हाडं खणणाऱ्यांनी चाळीस वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून केला. भाताची खळ फार दिवस टिकली नाही. त्यानंतरच्या काही वर्षांतच गोणपाट आणि प्लास्टर ही जोडी ठरून गेली, ती आजतागायत. हाड आणि प्लास्टर यांच्यामध्ये ओल्या कागदाचा थर द्यायचा, म्हणजे प्लास्टर हाडाला धरत नाही. रुग्णालयात कातडीवर कापूस गुंडाळतात, त्यातलाच हा प्रकार.

कोपच्या भातानंतर दोनच वर्षांनी, 1878 मध्ये, स्यूटँच्याच बेल्जियममध्ये बेर्निसार गावच्या कोळसा खाणीत 322 मीटर खोलीवर इग्वानोडॉन या डायनासोरचे सांगाडे लागले, तीसहून अधिक. हाडांत पायराइट हे चकाकणारं खनिज होतं आणि खाणकामगारांना आधी ते सोनं वाटलं. हवा लागताच हाडं तडकायला लागली. ब्रुसेल्सच्या संग्रहालयाच्या लुई द पाव या कारागिराने हाडांवर ओला कागद घातला, वर प्लास्टर ओतलं, मातीसकट ठोकळे कापले आणि एकेका ठोकळ्याला क्रमांक दिला. सुमारे 600 ठोकळे ब्रुसेल्सला गेले. तिथे एका जुन्या प्रार्थनाघराची कार्यशाळा झाली. ठोकळे उघडायचे, पायराइट खरवडायचा, हाड गरम सरसात मुरवायचं, जोडायचं. 1882 मध्ये पहिला सांगाडा लोखंडी आधारांवर उभा राहिला. कारागिरांनी चार वर्षांत इतकं काम उरकलं, हे मला अजूनही थक्क करतं.

सगळीकडे प्लास्टर मुबलक नव्हतं. 1909 ते 1913 या काळात बर्लिनच्या संग्रहालयाने तेंदागुरूला, म्हणजे आजच्या टांझानियात, प्रचंड खोदकाम केलं. तो मुलूख तेव्हा जर्मन वसाहत होता. तिथे हाडांभोवती बांबूच्या कामट्या उभ्या लावून, बांधून, टोपलीसारखी आवरणं केली गेली. ती डोक्यावर आणि खांद्यावर घेऊन आफ्रिकी हमाल तीन-चार दिवस चालत लिंडी बंदरावर जात. त्या माणसांमध्ये एक नाव ठळक आहे, बोहेती बिन अमरानी. तो खोदकामाचा मुख्य मुकादम होता आणि नाजूक हाडं सोडवण्यात वाकबगार होता. बर्लिनच्या दालनात आज जो महाकाय सांगाडा उभा आहे तो पहिल्यांदा 1937 मध्ये उभारला गेला. हाडं जमिनीतून निघाल्यावर मधली पंचवीसेक वर्षं गेली ती गाठोडी उघडण्यात, हाडं साफ करण्यात आणि तुकडा तुकड्याला जुळवण्यात. तेंदागुरूची काही बांबूची आवरणं आजही उघडलेली नाहीत.

गाठोडं उघडताना एक गोष्ट घडते, ती मला फार आवडते. शेतात किंवा माळावर हाडाची वरची बाजू आधी मोकळी होते, तिच्यावर प्लास्टर चढतं, मग खालून कोरून सगळं गाठोडं उलथं करतात आणि दुसरी बाजू बंद करतात. प्रयोगशाळेत उघडली जाते ती बहुतेक वेळा हीच दुसरी बाजू. खणणाऱ्याने जी नीट पाहिलेली नसते, ती पहिल्यांदा दिसते कुठल्यातरी कारागिराला, दिव्याच्या पिवळ्या उजेडात. प्लास्टर कापायला तो जी करवत घेतो तीही रुग्णालयातली. अमेरिकेतल्या होमर स्ट्रायकर या अस्थिरोगतज्ज्ञाने 1940च्या दशकात ती तयार केली. तिचं पातं गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर कापलं जातं, खालची मऊ कातडी मात्र पात्याबरोबर हलते आणि वाचते.

मग खडक. पूर्वी फक्त छिन्नी-हातोडी होती. शिकागोच्या फील्ड म्युझियमचा एल्मर रिग्ज याने 1900 साली कोलोरॅडोत एक अवाढव्य सांगाडा खणला होता, ज्याला त्याने 1903 मध्ये ब्रॅकिओसॉरस हे नाव दिलं. त्याच वर्षी त्याने 'सायन्स' नियतकालिकात वेगळ्याच विषयावर लिहिलं: हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं जीवाश्मांसाठी कशी वापरावीत. दगड घडवणाऱ्यांची हत्यारं अशी संग्रहालयात आली. आज कारागिराच्या हातात असते ती पेनाएवढी हवेची लेखणी. तिचं कठीण टोक सेकंदाला शेकडो वेळा ठोके देतं आणि खडकाचे कपचे उडवतं. त्याहून नाजूक जागी दंतवैद्याच्या वाकड्या सळ्या. आणखी नाजूक जागी हवेच्या झोतातून बारीक भुकटी मारायची, बऱ्याचदा चक्क खायचा सोडा. हे तंत्रही दातांच्या डॉक्टरांसाठीच निघालं होतं. चुनखडीत अडकलेलं हाड असेल तर लंडनच्या हॅरी टूम्ब्सने 1948 मध्ये मांडलेला उपाय, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल सौम्य करून त्यात हाड बुडवून ठेवणं. चुनखडी विरघळते, हाडातलं फॉस्फेट तग धरतं.

चिकटवायच्या गोष्टीत मात्र आपल्या जंगलांचा वाटा आहे. सरसानंतर युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी दीर्घकाळ वापरली ती लाख. पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे आवरण घालतात, ते खरवडून, वितळवून, पातळ पत्रे करून जगभर पाठवणारा मुख्य देश म्हणजे भारत. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख हाडात मुरते आणि ते घट्ट होतं. बेर्निसारच्या इग्वानोडॉनना 1930च्या दशकात सांगाडे उतरवून लाखच पाजली गेली, कारण पायराइटने हाडं पुन्हा पोखरायला घेतली होती. पण लाख वयाबरोबर काळवंडते, आकसते, आणि पुढे स्पिरिटमध्येही धड विरघळत नाही. आधीच्या पिढीने मायेने लावलेली लाख काढताना नंतरच्या पिढीच्या हाताखाली हाडाचा पापुद्रा निघतो. 2003 ते 2007 या काळात त्या सांगाड्यांवर पुन्हा काम करावं लागलं. आजचा रिवाज म्हणून वेगळा आहे. पॅरालॉइड बी-72 नावाचं ॲक्रिलिक साबुदाण्यासारख्या पारदर्शक दाण्यांत मिळतं. ॲसिटोनमध्ये ते पातळ विरघळवून ड्रॉपरने थेंब थेंब सोडलं की हाड ते पिऊन टाकतं, घट्ट केलं की तेच सांधा जोडतं. उद्या कुणाला जोड चुकला असं वाटलं, तर ॲसिटोनचा बोळा लावला की सांधा सुटतो.

लाखेच्या अशाच जंगलपट्ट्यात, महाराष्ट्राच्या सिरोंचा तालुक्यात, आपलं स्वतःचं मोठं हाड निघालं. पोचमपल्ली गावाजवळ. साड्यांचं पोचमपल्ली तेलंगणातलं, हे वेगळं. हा भाग तेव्हा चांदा जिल्ह्यात होता, आता गडचिरोलीत. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लंडनहून जीवाश्मशास्त्रज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावलं होतं आणि संस्थेत भूविज्ञानाचा विभाग उभा राहिला होता. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर कसे, असं कुणाच्या मनात येईल, पण महालनोबिसांच्या जिज्ञासेला विषयांची कुंपणं नव्हती. पहिली हाडं 1958 मध्ये दिसली, मुख्य खोदकाम 1960-61 मध्ये झालं. एका छोट्याशा जागेत, दगड झालेल्या झाडांच्या बुंध्यांसोबत, किमान सहा प्राण्यांची सुमारे 300 हाडं. मांडीचं हाड 1.7 मीटर, म्हणजे उभं केलं तर पुरुषभर उंच. कवटी मिळाली नाही, दात तेवढे मिळाले. 1961 हे टागोरांचं जन्मशताब्दी वर्ष होतं, म्हणून नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय. बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय. नाव प्रसिद्ध झालं ते 1975 मध्ये आणि सगळ्या हाडांचं सविस्तर वर्णन 2010 मध्ये. खणणाऱ्यांच्या पिढीने उचललेल्या हाडांचं वर्णन पूर्ण व्हायला पुढची पिढी यावी लागली. कोलकात्यात बराकपूर ट्रंक रोडवरच्या त्या संस्थेत सांगाडा उभा आहे. सिरोंचाचा माणूस तो बघायला कोलकात्याला जातो तेव्हा आपल्याच मातीतला तांबूस रंग त्याला हाडांवर दिसावा, असं मला मनापासून वाटतं.

आता पुन्हा बर्लिन. दुसऱ्या महायुद्धात संग्रहालयावर बाँब पडले आणि तळघरातली प्लास्टरची गाठोडी ढिगाऱ्याखाली गेली. तेंदागुरूची गाठोडी आणि जर्मनीतल्याच हाल्बरश्टाटजवळच्या मातीच्या खाणीतली गाठोडी एकमेकांत मिसळली, आणि कुठलं कुठून आलं ते कळेनासं झालं. असं एक बंद गाठोडं संग्रहालयाच्या माणसांनी शारिटे रुग्णालयात नेलं आणि रुग्णाला झोपवतात त्या सीटी स्कॅनच्या टेबलावर ठेवलं. क्ष-किरणांनी प्लास्टर आणि खडक वगळून आतला मणका वेगळा दाखवला. त्याचा आकार खोदकामाच्या वेळच्या जुन्या रेखाटनाशी ताडून पाहिला तेव्हा कळलं की हा मणका हाल्बरश्टाटच्या प्लेटिओसॉरस या डायनासोरचा. मग संगणकातल्या त्या आकृतीवरून थ्रीडी प्रिंटरने हुबेहूब मणका घडवला, आणि 2013 मध्ये डॉक्टरांनीच रेडिओलॉजीच्या नियतकालिकात त्याचा वृत्तान्त छापला. छापलेला मणका कुणीही हातात घेऊन फिरवून पाहू शकत होतं. खरा मणका तोवर प्लास्टरच्या आतच होता, शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी ओल्या हातांनी गुंडाळला होता तसाच.