पाणी वगळलेला हिशेब

गेल्या वर्षी कल्याणला माझ्या दाढेच्या जागी टायटॅनियमचा स्क्रू बसवला. दंतवैद्य म्हणाले, "तीन-चार महिने थांबा, हाड त्याला धरेल." हाड धातूला धरते म्हणजे नेमके काय करते, हे डोंबिवलीहून जाता-येता वाचत गेलो. त्यातून जो इतिहास हाती लागला, त्याचे एक टोक आपल्या कुलाब्यालाच निघाले.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. शरीराची गाठ टायटॅनियमशी पडतच नाही. हवा लागताच या धातूवर टायटॅनियम डायऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर चढतो. रक्तातली प्रथिने चिकटतात ती या ऑक्साइडला, आणि त्यांच्याही आधी तिथे पाणी पोचलेले असते. प्रथिनाचा छोटा तुकडा म्हणजे पेप्टाइड. तो एका ऑक्साइडला घट्ट धरतो आणि दुसऱ्याला तितका धरत नाही, असे का? हे सगळे घडताना अणूअणूने पाहणे कोणत्याही सूक्ष्मदर्शकाला जमत नाही. म्हणून संगणक. प्रत्येक अणूवरचे बल काढायचे, त्याला किंचित पुढे सरकवायचे, पुन्हा बल काढायचे. एका पावलात काळ एक-दोन फेम्टोसेकंद पुढे जातो. खरे द्रव अफाट आणि संगणकातली पेटी चिमुकली, म्हणून एक युक्ती करतात: एका भिंतीतून बाहेर पडलेला अणू समोरच्या भिंतीतून आत येतो. गर्दीच्या लोकलमध्ये एका दाराने ढकलला गेलेला माणूस पलीकडच्या दाराने पुन्हा डब्यात शिरावा, तसे.

ही रीत द्रवासाठी खऱ्या अर्थाने चालवून दाखवली अनीसुर रहमान यांनी. जन्म 1927, हैदराबाद. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत त्यांनी 864 आर्गॉन अणूंची हालचाल मोजली आणि 1964 साली तो निबंध छापून आला. यंत्र होते सीडीसी 3600. त्याच वर्षी त्याच जातीचे यंत्र मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्याआधी तिथे संस्थेने स्वतः बांधलेला टिफ्रॅक होता. नव्या यंत्रावर देशभरातल्या संस्थांची कामे छिद्रपत्रांच्या गठ्ठ्यांतून येत. यंत्र सारखे असले म्हणून काम सारखे होत नाही. तिकडे एक माणूस एकाच प्रश्नाच्या मागे लागला होता, इकडे एका यंत्रावर साऱ्या देशाची रांग होती. यात कुणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही.

आर्गॉन सोपे, कारण त्याचे अणू एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. पाणी मात्र हट्टी. रहमान आणि फ्रँक स्टिलिंजर यांनी 1971 मध्ये 216 रेणूंचे पाणी संगणकात वाहते केले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पाऊल हेच. पण प्रथिनांच्या वाट्याला ते लगेच आले नाही. मॅकॅमन, जेलिन आणि कारप्लस यांनी 1977 मध्ये पहिल्यांदा एका प्रथिनाची हालचाल मोजली, तीही जवळजवळ निर्वातात. भोवतालचे पाणी मोजायला गणनशक्तीच पुरत नव्हती. साऱ्या खटाटोपातून मिळाला 9.2 पिकोसेकंदांचा काळ. तेवढ्यात प्रकाशही तीन मिलिमीटर पुरता जात नाही.

ऑक्साइडची पाळी त्यानंतर खूप उशिरा आली. जपानमध्ये सानो आणि शिबा यांनी 2003 साली असंख्य पेप्टाइडांतून टायटॅनियमला धरणारे पेप्टाइड वेचून काढले. त्यातले सहा अमिनो आम्लांचे टोकच काम करत होते: आर्जिनीन, लायसिन, ल्युसिन, प्रोलिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, अ‍ॅलॅनिन. त्यांचा खुलासा विजेच्या भाराचा होता. आर्जिनीनचा धनभार आणि अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा ऋणभार पृष्ठभागावरच्या उलट भारांना धरतो. त्याच सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांना फ्युझेरियम या बुरशीकडून सिलिका आणि टायटॅनियाचे कण मिळत होते, आणि तिथेही बुरशीने सोडलेली धनभारित प्रथिनेच काम करताना दिसली.

पण निव्वळ भारावर हिशेब सुटत नव्हता. सिलिकॉनवरही ऑक्साइडच असते, त्यावरही भार असतातच. तरी हे पेप्टाइड टायटॅनियमला अधिक घट्ट धरते. 2009 मध्ये स्केल्टन, लियांग आणि वॉल्श यांच्या सिम्युलेशनमध्ये दिसले, की पृष्ठभागालगत पाण्याचे रेणू थरांनी रचलेले असतात आणि पेप्टाइडच्या धरण्यात या थरांचा हात असतो. 2012 मध्ये श्नायडर आणि कोलोंबी चाक्की यांनी खुलासा पुढे नेला. पृष्ठभागालगत पाणी कुठे दाट, कुठे विरळ, याचा नकाशा दोन्ही ऑक्साइडांवर वेगळा. पेप्टाइडच्या बाजूच्या शाखा तो नकाशा चाचपतात. या दोघांनी आखीव स्फटिकाऐवजी धातूवर आपोआप चढणाऱ्या ओबडधोबड ऑक्साइडचा नमुना घेतला होता, आणि त्यांनी काढलेले चिकटण्याचे बल प्रयोगातल्या आकड्यांशी जुळले. 1977 मध्ये परवडत नाही म्हणून बाजूला ठेवलेले पाणीच पस्तीस वर्षांनी मुख्य पात्र ठरले.

मग माझ्या दाढेचे कोडे सुटले का? नाही. या हिशेबात एक पेप्टाइड असते आणि स्वच्छ पाणी. रक्तात असंख्य प्रथिने एकाच जागेसाठी रेटारेटी करतात. लिओ व्रोमन यांनी दाखवून दिले, की आधी येऊन बसलेली प्रथिने मागून येणाऱ्यांपुढे जागा सोडतात. ठाण्याला चढणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ही अदलाबदल सेकंदांत, मिनिटांत चालते. संगणकाला एक मायक्रोसेकंद गाठायलाच दोन-दोन फेम्टोसेकंदांची पन्नास कोटी पावले चालावी लागतात, आणि एका सेकंदात असे दहा लाख मायक्रोसेकंद.